दुसऱ्यांच्या पायांनी चालणाऱ्या बाई

खांबाने बाईंना पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, आणि पाहताक्षणी त्यांच्या पाठीत असा धपाटा घातला की स्टँडच्या पत्र्यावरची झाडून सगळी कबुतरं उडाली, माळ्याच्या हातातली पाण्याची नळी सुटली आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या एका मोटारीचा भोंगा आपोआप वाजू लागला. भोंग्याची भर खांबाच्या बायकोने नंतर घातली. ती तिथे नव्हती, पण नवऱ्याच्या फजितीचं वर्णन करताना ती कधी हात आखडता घेत नसे.

खांब म्हणजे फुटबॉल क्लबचा गोलकीपर. हे नाव उंचीमुळे पडलं असं तो सांगायचा. जागचा हलत नाही म्हणून पडलं, असं बाकीचे सांगायचे. त्या सकाळी मैदानावर इतकं धुकं होतं की डोकं आपटल्याशिवाय गोलपोस्ट कुठे आहे ते कळत नव्हतं. अशा धुक्यात त्याला पुढे एक आकृती चाललेली दिसली. उजवा खांदा किंचित वर, पावलं बाहेर फाकलेली, आणि कानात पाणी गेल्यासारखी मधूनच मान झटकायची लकब. अशी चाल देवाने एकाच माणसाला दिली होती, आणि तो होता क्लबचा स्ट्रायकर, खांबाचा जिवलग मित्र, तोफ.

"काय रे रेड्या," खांब म्हणाला, "काल तो पास कुणाला दिलास? रेफरीला?" आणि मग तो धपाटा.

आकृती वळली. रेनकोट घातलेल्या, पन्नाशीच्या एक बाई होत्या. गळ्यातल्या दोरीला लटकणारा चष्मा धपाट्याने पाठीवर गेला होता. तो त्यांनी ओढून पुढे आणला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि खांबाला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्याला बराच वेळ लागला.

"मी गोलकीपरांची नवी कोच," त्या म्हणाल्या. "हात चांगला जड आहे की तुझा. चेंडूलाही असाच लावत जा."

एवढ्यात दुसऱ्या फाटकाकडून धुकं बाजूला सारत खरा तोफ आला आणि काय झालं म्हणून दोघांकडे बघत उभा राहिला. खांबाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. तोफ आता अगदी स्तब्ध उभा होता. बाई मात्र अजूनही मधूनच मान झटकत होत्या.

पुरुषांच्या व्यावसायिक संघाला बाईमाणूस कोच, ही गोष्ट पचवायला क्लबला थोडा वेळ लागला. अध्यक्षांनी स्वागताच्या भाषणात "त्या मला मुलीसारख्या आहेत" असं सांगितलं. बाई त्यांच्यापेक्षा वयाने मोठ्या होत्या. वार्ताहरांनी त्यांना विचारलं की एवढ्या पुरुषांत भीती नाही का वाटत? बाई म्हणाल्या, "वाटते ना. बूट वाळत घालतात तिकडे जायची." क्लबमध्ये बायकांना कपडे बदलायला जागा नव्हती, म्हणून त्यांना जुन्या जाळ्यांची खोली मिळाली. तिथे फाटक्या जाळ्या, कोपऱ्यातले झेंडे आणि एक मोडका गोलपोस्ट असा संसार होता. गोलपोस्टमुळे दार पुरतं लागत नसे. बाईंनी दाराच्या फटीवर एक पडदा लावला आणि जाळ्यांच्या ढिगाची खुर्ची केली.

त्यांना हाक काय मारायची, हाही मोठा प्रश्न होता. 'सर' म्हणजे मुख्य कोच, ते आधीच होते आणि शिट्टी चावत असत. 'मॅडम' म्हटलं की त्या मागे वळून बघायच्या, कुणी आलंय का म्हणून. शेवटी एकदा तोफाला प्रॅक्टिसमध्ये पाणी प्यायला जायचं होतं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "बाई, जाऊ का?" शाळेत म्हणायचा तसं, हात वर करून. सगळे फिदीफिदी हसले आणि दुसऱ्या दिवसापासून सगळेच 'बाई' म्हणू लागले. दाढ्या राखलेले, दंडावर वाघ गोंदलेले बाप्ये रांगेत उभे राहून "हो बाई", "नाही बाई" करायचे.

बाईंची शिकवण्याची रीत एकच होती. पुढच्या सामन्यातल्या खेळाडूंची चित्रफीत त्या जाळ्यांच्या खोलीत आवाज बंद करून बघायच्या, उभ्याने. मग मैदानावर यायच्या त्या तोच खेळाडू होऊन. रेनकोट तोच, चष्मा तोच, पण पाय परके. चेंडू ठेवायच्या, मागे सरायच्या, धावत येऊन पेनल्टी मारायच्या. खांबाला आठवडाभर अशा पेनल्ट्या खाव्या लागत. मग सामन्यात तो खरा खेळाडू समोर आला की खांबाला तो बालपणापासून ओळखीचा वाटे. कंबर कधी उघडते, टेकलेला पाय कुठे रोखलेला असतो, सगळं दिसायचं. खांब हलू लागला. पेनल्ट्या अडवू लागला. लोकांनी त्याला नवं नाव द्यावं अशी त्याची फार इच्छा होती, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

पहिला खटका उडाला तो एका सामन्याआधी. बाई समोरच्या संघाचा विंगर होऊन चालत होत्या आणि डावा पाय जरासा ओढत होत्या.

"बाई, तो लंगडत नाही," खांब म्हणाला.

"लंगडत नाही?" बाई थांबल्या. खाली स्वतःच्या पायाकडे त्यांनी असं पाहिलं की जणू तो दुसऱ्या कुणी तिथे ठेवून दिलाय. "पाय आपणहून गेला."

सामना सुरू झाल्यावर थोड्याच वेळात तो विंगर एकटाच धावत असताना, जवळपास कुणी नसताना, खाली बसला. त्याला उचलून नेताना त्याचा डावा पाय स्ट्रेचरवरून लोंबत होता.

असं कुणाचंही होतं, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. मग तोफाच्या वाढदिवसाला ड्रेसिंग रूममध्ये बाईंना आग्रह झाला की त्याची चाल करून दाखवा. बाईंनी खूप आढेवेढे घेतले आणि मग चार पावलं टाकली. खांदा वर, पावलं फाकलेली, मान झटकली. पोरं टाळ्या पिटू लागली. मग बाईंचा उजवा हात हळूहळू कंबरेवर गेला आणि तिथेच राहिला, म्हातारी माणसं जिना चढताना ठेवतात तसा. टाळ्या एकेक करून थांबल्या.

"हे मी कधी करतो?" तोफाने विचारलं. तो हसत होता, पण हसू ओठांवर नुसतं चिकटवल्यासारखं दिसत होतं.

पुढच्याच महिन्यात तोफाच्या मणक्यातली चकती सरकली. त्याला बघायला खांब गेला, तेव्हा तोफ पलंगाच्या कडेला बसून उजव्या हाताने कंबर धरून होता. "लेका," तो म्हणाला, "तू त्या बाईच्या पुढे चालत जाऊ नकोस."

ही गोष्ट क्लबमध्ये वाऱ्यासारखी पसरली आणि मग जे सुरू झालं ते बघायला तिकीट लावायला हरकत नव्हती. बाई कॉरिडॉरमध्ये दिसल्या की थोराड बाप्ये भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखे आडवे सरकायचे. एकजण उड्या मारत जायचा. कॅप्टन तर "बाई, बुटात खडा गेलाय" म्हणून खालीच बसायचा आणि बाई पार दिसेनाशा होईपर्यंत त्याला तो खडा सापडत नसे. बाईंना काहीच कळत नव्हतं असं नाही. त्या मान खाली घालून, भिंतीकडे बघत जायच्या.

सरांना मात्र यात वेगळंच काही दिसलं. एकदा ते शिट्टी तोंडातून काढून जाळ्यांच्या खोलीच्या पडद्याशी आले. खांब तेव्हा आत हातमोजे शोधत होता.

"बाई, एक विचारू? पुढच्या सामन्यात त्यांचा तो मधला उंच पोरगा आहे ना. प्रॅक्टिसमध्ये त्याला जरा... लंगडवता का?"

बाई जाळी घडी करत होत्या. त्यांनी घडी पूर्ण केली.

"सर, तुमची आई कशी आहे?"

"बरी आहे. का?"

"त्यांनी हे ऐकलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं, तेवढं मनात आणा आणि जा."

सर गेले. जाताना तेही आडवेच सरकले. बाई खाली बसल्या आणि खांबाकडे न बघता बोलू लागल्या. त्यांच्या वडिलांचं जिन्याखाली चपला-बूट दुरुस्त करायचं दुकान होतं. लहानपणी त्या झिजलेल्या टाचा बघून गिऱ्हाईक कसं चालतं ते करून दाखवायच्या आणि गिऱ्हाईक खरंच तसं चालत आलं की वडील हसून हसून हैराण व्हायचे. एकदा त्यांनी वरच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांची चाल केली, डावा पाय फरफटत. आईने थोबाडीत दिली. धडधाकट माणसाला असं करतात का, म्हणाली. हिवाळा सरता सरता काकांची डावी बाजू गेली. आईने बाईंना पुन्हा कधी दुकानात बसू दिलं नाही.

"मग मी गोलमध्ये उभी राहायला लागले," बाई म्हणाल्या. "मुलींच्या संघात. गोलकीपरला बरं असतं. लोक तुझ्याकडे येतात, तुला कुठे जायचं नसतं."

"म्हणजे तुम्ही हे करता?" खांबाने घाबरत विचारलं.

"मी करते की मला दिसतं, ते मलाच कळलं असतं तर मी इथे या फाटक्या जाळ्यांत कशाला बसले असते?"

त्या दिवसापासून खांबाचं मन थाऱ्यावर राहिना. त्याचं वय पस्तिशीच्या पुढे गेलं होतं, करार हंगामाअखेर संपत होता आणि संघ खालच्या श्रेणीत घसरायच्या काठावर होता. घसरला नाही तर खांबाला आणखी एक वर्ष मिळेल असं अध्यक्षांनी तोंडी कबूल केलं होतं. एक वर्ष. त्याला दुसरं काही नको होतं. जाळीपुढे उभं राहण्याखेरीज त्याला काही येतच नव्हतं. घरी बल्ब बदलायलाही बायकोच चढायची, तीही स्टुलावर, आणि हा शेजारी स्टूल धरून.

"अहो, मग विचारा ना त्यांना सरळ," बायको म्हणाली. "माझी चाल करा, बघू गुडघा शाबूत आहे का. डॉक्टरची फी तरी वाचेल."

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही. तुम्ही रात्री झोपेत गुडघा धरून असता. मी झोपू कशी?"

खांबाने विचारलं नाही. त्याने त्याहून वेडेपणा केला. प्रॅक्टिस संपल्यावर एका दुपारी तो बाईंच्या मागून निघाला, बरंच अंतर ठेवून. त्याच्या उंचीच्या माणसाने लपतछपत जाणं म्हणजे विजेच्या खांबाने पाठलाग करणं, पण बाईंनी मागे पाहिलं नाही. फाटकाबाहेर एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन चालली होती. तिच्यामागे जाताना बाईंचे खांदे खाली ओढले गेले, बोटं आवळली गेली. हातात काहीच नव्हतं. ती वळली आणि एक पोलीस पुढे आला, तशी बाईंची छाती वर आली, टाचा वाजू लागल्या. मग एक म्हातारा, मग शाळेतून येणारी मुलगी. एकेकाला सोडत, दुसऱ्याला धरत बाई चालल्या होत्या, सर्कशीतल्या माणसाने एक झोका सोडून दुसरा पकडावा तशा.

मग त्या लांबच लांब कंपाउंडच्या भिंतीशी आल्या. रस्ता रिकामा होता. पुढे कुणीच नव्हतं.

बाई थांबल्या.

खांबाला वाटलं, दमल्या असतील. पण त्या टेकल्या नाहीत, पर्समध्ये काही शोधलं नाही, इकडेतिकडे पाहिलं नाही. एक पाय किंचित उचललेला, तसाच. रस्त्यावर कागद उडत होता, तोही भिंतीपाशी येऊन थांबला. खांबाला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की बाई स्वतः कशा चालतात ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. तो डोळे न मिटता बघत राहिला. बऱ्याच वेळाने एका दारातून पोस्टमन बाहेर पडला आणि थैली सावरत पुढे चालू लागला. बाईंचा उचललेला पाय खाली टेकला. त्यांचा डावा खांदा, थैली नसलेला, थैलीच्या वजनाने खाली आला, आणि त्या निघाल्या.

खांब घरी आला तो जेवला नाही.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दुपारी तो मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यातून चालला होता. स्टँडखालचा तो सिमेंटचा बोगदा, पाण्याचा वास, एका आड एक गेलेले दिवे. चालता चालता त्याला स्वतःच्या पावलांचा आवाज आला. तो थांबला. आवाज थांबला नाही.

पुढे अंधुक उजेडात बाई चालल्या होत्या, हातात रिकाम्या बाटल्यांचा ट्रे घेऊन. आणि ती चाल त्याची होती. माणसाला आपली चाल कधी दिसत नाही, तरी त्याने ती आपल्या आवाजासारखी ओळखली. लांब ढांगा, जरासं पोक, डोकं दारांच्या चौकटींना घाबरून पुढे झुकलेलं. ट्रेखाली अंगठा बोटांवर घासत होता. आपण असं करतो हे त्याला माहीत नव्हतं. नंतर घरी विचारलं तेव्हा बायको म्हणाली, "लग्न ठरवायला आलात तेव्हापासून."

तो गुडघा बघत होता. डावा, उजवा, डावा, उजवा. दोन्ही धडधाकट. घोटेही बरे, कंबरही सरळ. त्याच्या छातीवरचा दगड उतरला आणि त्याने मोठ्याने श्वास सोडला. बाई वळल्या.

"कोण? खांबा?"

"बाई, आत्ता कुणाची चाल होती?"

"कुणाची कशाला? बाटल्या भरायला चाललेय." मग त्याचं तोंड बघून त्यांनी ट्रे खाली ठेवला. "तुझी?"

"हो. पण लंगडत नव्हतात तुम्ही. मी नीट पाहिलं. काही नाही झालेलं."

बाईंनी चष्मा काढला. "पुढे होऊन सांग. जशी होती तशी. काही कमी करू नकोस."

"माझीच होती. फक्त..." खांबाने आठवून पाहिलं. आनंदाच्या भरात त्याने तेवढं बाजूला सारलं होतं. "जरा सावकाश होती. घाई नव्हती. कुठे पोचायचं नसलेल्या माणसासारखी."

बोगद्यात कुठेतरी पाणी ठिबकत होतं. बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. म्हणाल्या, "उद्या मी येत नाही. सांगते सरांना, ताप आलाय."

"आणि तुम्ही नसलात तर ती सावकाश चाल जाईल?"

"माहीत नाही."

"मग या," खांब म्हणाला. त्याला स्वतःच्याच धीटपणाचं आश्चर्य वाटलं. "लंगडं होऊन घरी बसण्यापेक्षा हे बरं. आणि उद्या पेनल्टी लागली तर मी कुणाकडे बघायचं?"

पेनल्टी लागलीच. बरोबरी झाली तरी संघ वाचत होता आणि सामना संपत आला असताना रेफरीने बोट दाखवलं. समोरच्या संघाकडून पेनल्टी मारायला आलेल्या गिड्ड्या, मजबूत पोराची चाल बाईंनी आठवडाभर खांबाला पाठ करून दिली होती. पोराने चेंडू ठेवला, मागे सरला. सगळं मैदान गप्प झालं. खांबाने बेंचकडे पाहिलं. बाई उभ्या होत्या, हात बाजूला, नजर पोरावर.

त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. मग पोराने टाकलं. त्यांनी दुसरं टाकलं. मग पोराने.

खांबाने ते स्पष्ट पाहिलं आणि पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. आधी बाई, मग पोरगा, सावली पुढे आणि माणूस मागे असावा तसं. बेंचपाशी रेनकोटातली कंबर उजवीकडे उघडली आणि खांब उजवीकडे झेपावला, पोराचा पाय अजून चेंडूला लागायचा होता तेव्हाच. चेंडू आला आणि त्याच्या जड हातावर आदळून बाहेर गेला.

लोकांनी कुंपण ओलांडलं. खांबाला खांद्यावर घेण्याचा प्रयत्न झाला, तो जमला नाही, म्हणून त्याला आडवा धरून नेला, शिडी नेतात तसा. आकाशाकडे बघत जाताना त्याला एकदाच, माणसांच्या फटीतून, बेंच दिसला. बाई तिथे एकट्या उभ्या होत्या. सगळे इकडेतिकडे धावत होते आणि त्यांना कुणाच्या मागे जावं ते कळत नव्हतं.

संघ श्रेणीत राहिला. अध्यक्षांनी खांबाला ऑफिसात बोलावून चहा दिला, पेनल्टीचं कौतुक केलं आणि पुढच्या हंगामासाठी क्लबने दुसरा गोलकीपर घेतल्याचं सांगितलं. तो खांबापेक्षा उंच होता. खांब ऑफिसातून निघाला तो सावकाश, कुठे पोचायची घाई नसल्यासारखा. बाई आणखी एक हंगाम राहिल्या. मग ते काम सरांच्या मेव्हण्याला मिळालं.